अर्धी नाळ

साखर कारखान्याचा भोंगा वाजला की दोन दिवसांत दोरीवरच्या कपड्यांवर काजळी दिसू लागते. चिमणीतून उडालेले बगॅसचे, जळालेल्या चिपाडाचे, काळे कण, तांदळाच्या कणीएवढे. बारामतीच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येक घराला एवढे माहीत असते की ही काजळी झटकायची, चोळायची नाही. चोळली की कपड्यावर काळा ओरखडा उठतो आणि तो धुऊनही जात नाही.

यंदाचा गळीत हंगाम सुरू झाला. उसाची पहिली मोळी टाकण्याच्या कार्यक्रमाची बातमी आमच्या वृत्तपत्राच्या कार्यालयात आली. मजकूर गेल्या वर्षीचाच, पाहुण्यांची नावे तेवढी नवी. मी ती लावली. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर आले, त्यांच्या गाण्यांचा आवाज चौकापर्यंत आधी पोचतो आणि ट्रॅक्टर मागून. संध्याकाळी वारा फिरला की मळीचा आंबूस वास घरात शिरतो. खिडक्या लावून घेतल्या तरी तो उशीच्या अभ्र्याला राहतो.

या हंगामात मला एक काम असते. ते बातमीचे नाही. भिगवण रस्त्यावरच्या एका गावात एक घर आहे. घरात हौसाबाई नावाची म्हातारी, तिचा मुलगा, सून रेखा आणि दुसरीत जाणारी नात. मुलाला आणि सुनेला एचआयव्ही आहे. दोघेही रोज गोळ्या घेतात, शेत करतात, धडधाकट आहेत. नातीला काही नाही. तिच्या सगळ्या तपासण्या वेळेवर झाल्या आणि शेवटचीही चांगली आली. हौसाबाईला यातले काही कुणी सांगितलेले नाही. ते माहीत होऊ नये अशी तजवीज काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात झाली, आणि ती अजून टिकून आहे का हे पाहायला मी वर्षातून एकदा तिथे जाते. पाहण्याची रीत सोपी आहे. हौसाबाईपुढे एका डॉक्टरचा विषय निघू द्यायचा आणि ती शिव्या देते का ते ऐकायचे. शिव्या दिल्या की सगळे ठीक आहे.

घरातल्या माणसांची नावे बदलली आहेत, डॉक्टरचेही. लिहिण्याआधी ज्यांना विचारायला हवे होते त्यांना विचारले आहे.

डॉक्टर म्हणजे मंदाकिनी. बारामतीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तिचे घर कन्हेरीच्या बाजूला. तिच्या वडिलांनी, तात्यांनी, तरुणपणी मेंढरे राखली. मग विहीर पाडली, ऊस लावला, कारखान्याचे सभासद झाले. मंदा डॉक्टर झाली तेव्हा तात्यांनी पेढे वाटले, पण तिने दवाखाना टाकला नाही. ती पुण्याला प्रयोगशाळेत गेली. तात्या पाहुण्यांना तिची ओळख करून देत, "आमची मंदी डाक्टर हाय. पर तुमाला ताप आला तर दुसऱ्याकडं जावा."

मंदा हसायची. तिला हे दुखत नसे. दुखणारी गोष्ट वेगळी होती. शिकत असताना ती सरकारी रुग्णालयाच्या एचआयव्हीच्या वॉर्डात होती. गोळ्या फुकट मिळू लागण्याच्या आधीची ती वर्षे. माणसे तिथे उशिरा येत आणि लवकर जात. मग गोळ्या आल्या. खाटेला खिळलेली माणसे उठली, वजन भरले, ऊस तोडू लागली, लग्नकार्यात वाढू लागली. मंदा म्हणते की त्या दोन-तीन वर्षांएवढा आनंद तिला परत कधी झाला नाही. त्याच काळात इंदापूरकडचा एक माणूस डाळिंबाच्या बागेत फवारणी करता करता खाली बसला आणि उठला नाही. हृदयाचा झटका. वय चाळिशीच्या आत. तंबाखू नाही, दारू नाही. रक्तात विषाणू सापडत नव्हता इतका दबलेला. त्याच्या बायकोने मंदाला विचारले, "तुमी म्हणला हुता बरा हाय. मग गेला कशानं?"

मंदाची सगळी नोकरी, सगळे प्रयोग, परदेशातल्या परिषदा, प्रसिद्ध झालेले आणि परत आलेले लेख या एका प्रश्नाच्या उत्तरात गेले आहेत.

उत्तर तिने मला एकदा पिंपळीच्या बाजूला, नीरेच्या कालव्यावर उभे राहून समजावले. कालव्याला पाणी नव्हते. अस्तराच्या फरशा उघड्या पडल्या होत्या, काही उखडलेल्या. "रक्तवाहिनीला आतून असंच अस्तर असतं," ती म्हणाली. "जाडी किती, तर एका पेशीची. गोळ्यांनी विषाणू दबतो. पण मेलेला नसतो, कोपऱ्यात दबा धरून असतो, त्याची प्रथिनं झिरपत राहतात. शरीर त्याच्याशी भांडत राहतं. वर्षानुवर्षं. त्या भांडणात हे अस्तर खरवडतं. मग जे वाहून जायचं ते चिकटून बसतं. नळी ताठ होते. पाणी जास्त आलं की कालवा फुगू शकत नाही."

"मग फुटतो?"

"नाहीतर तुंबतो."

मी ते वहीत उतरवून घेतले. ती म्हणाली, "हे छापशील तर कालव्याचं छापू नकोस. पाटबंधारेवाले मलाच बोलावतील फरशा बसवायला."

*

हे अस्तर प्रयोगशाळेत वाढवायचे तर जिवंत पेशी लागतात, आणि जिवंत माणसाच्या रक्तवाहिनीतून त्या कोण काढू देणार? जगभरचे शास्त्रज्ञ यासाठी एक जागा वापरतात. बाळाची नाळ. बाळ जन्मले, नाळ कापली की ती कचऱ्यात जाते. तिच्यातल्या मोठ्या नळीच्या आतली बाजू धुऊन घेतली की अस्तराच्या पेशी सुटून येतात. त्या बशीत वाढतात. त्यांच्यावर विषाणूची प्रथिने सोडायची आणि काय होते ते पाहायचे. अट एकच: नाळ ताजी हवी, बर्फावर हवी, आणि शक्य तितक्या लवकर पुण्यात पोचायला हवी.

मंदाला आपल्या भागातल्या नाळा हव्या होत्या. कारण विचारले तर ती शास्त्रीय कारण सांगायची. मला वाटते, बागेत बसून गेलेल्या माणसाला उत्तर द्यायचे तर ते त्याच्याच मुलखातून द्यावे असे तिच्या मनात असावे. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या पट्ट्यातले एक प्रसूतिगृह कबूल झाले. तो हंगाम सुरू होता होता ती बर्फाचा निळा डबा घेऊन आली, आणि मी तिच्यावर लेख लिहायचा म्हणून सुट्ट्यांच्या दिवशी तिच्या गाडीत बसू लागले.

त्या हंगामातले मला सर्वांत जास्त काय आठवते, तर गाडीत बसून वाट पाहणे. एका सकाळी डाळजच्या पुढे उसाची ट्रॉली उलटली. सोलापूर रस्ता बंद. मोळ्या आडव्यातिडव्या पसरलेल्या, गावातली गुरे येऊन वाढे, उसाचे हिरवे शेंडे, खाऊ लागलेली, आणि मागे अर्ध्या कोसापर्यंत गाड्या. डबा मंदाच्या मांडीवर होता. ती झाकणावर तळहात ठेवून बसली होती, आत ताप आलेले मूल असावे तशी. दर थोड्या वेळाने झाकण किंचित उचलायची, बर्फ पाहायची आणि लगेच बंद करायची. मग उघडल्याबद्दल स्वतःवर चिडायची.

पुढच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर उतरून आला. खिडकीत वाकून म्हणाला, "मॅडम, डब्यात काय हाय? मासं व्हय?" भिगवणचे मासे घेऊन लोक पुण्याला जातात, त्याचे काही चुकले नव्हते.

"मासेच," मंदा म्हणाली.

"कंचं?"

तिला माशांची नावे येत नव्हती. तो वाट पाहत उभा. मी म्हणाले, "चिलापी."

"चिलापीला येवडं जपत्यात व्हय कुणी," तो म्हणाला आणि हसत परत गेला. पण ऊस बाजूला झाला तेव्हा त्याने हात करून आमची गाडी आधी काढून दिली.

त्या दिवशीच्या पेशी वाढल्या नाहीत. मंदाने फोनवर सांगितले ते एवढेच, "मासे मेले."

*

पहिल्या काही दिवसांतच दुसरी अडचण आली. आमच्या भागात नाळ आणि वार घरचे लोक मागून घेतात. बोळक्यात घालून, वर हळदकुंकू टाकून, न्हाणीच्या कडेला किंवा गोठ्याच्या मागे खड्डा करून पुरतात. कुत्र्यामांजराने उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. प्रसूतिगृहाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आज्यांच्या पिशवीत बाळंतविडा असतो, आणि खाली, फडक्यात गुंडाळलेले, ते बोळके असते. मंदाने विचारले की या आज्या ऐकून घेत आणि मान हलवत. आई कबूल, बाप कबूल, आजी नाकबूल.

एक आजोबा, बहुधा कंटाळून, म्हणाले, "अहो डाक्टरीणबाई, वादच कशाला? अर्धी तुमी न्या, अर्धी आमाला द्या. वारसान वाटणी."

नाळ हातभर लांब असते. मंदाला वीतभर पुरे होती. तिने प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, असेही नातेवाईक मागतात तेव्हा आम्ही देतोच. ठरले. नाळेचे दोन भाग: एक निळ्या डब्यात, एक आजीच्या बोळक्यात. बातमी बाकावरून बाकाकडे गेली. थोड्याच दिवसांत आज्या स्वतःच विचारू लागल्या, "अर्धी देनारी डाक्टरीण आली का?" डबा भरून जाऊ लागला. मंदा त्या आठवड्यांत गाडी चालवताना गुणगुणायची. मी लेखाचा मथळाही ठरवला होता, 'अर्धी विज्ञानाला, अर्धी मातीला'. आज वाचताना वाटते, बरे झाले छापला नाही. मथळा वाईट होता.

या भल्या व्यवस्थेत एक भोक होते आणि ते आम्हा दोघींपैकी कुणालाही दिसले नाही. मंदाला काही नाळा एचआयव्ही असलेल्या आयांच्याही हव्या होत्या. आई नियमित गोळ्या घेत असेल तर बाळ सहसा सुटते. पण त्या नऊ महिन्यांत नाळेच्या अस्तराने काय सोसले, हे तिला पाहायचे होते. त्या आयांना समुपदेशक एकटीला भेटून विचारायची. ओळख फुटू नये म्हणून वॉर्डात सगळ्यांना सारखेच विचारायचे, सारख्याच शब्दांत, सारख्याच डब्यात न्यायचे. विचारण्यात फरक नव्हता. नेण्यात फरक नव्हता. परत देण्यात काय होईल, हे कुणाच्या मनात आले नाही.

रेखा अशी एक आई होती, आणि जिच्या सासूने नाळ मागितली अशी पहिलीच. नवऱ्याने आणि तिने ठरवून मूल होऊ दिले होते. सासूला, तिच्या आत्याबाईला, सांगायचे नाही हेही दोघांनी ठरवले होते. शेजारच्या गावात एका जोडप्याचे कळले तेव्हा आधी त्यांचे ताट वेगळे झाले, मग पाण्याचा तांब्या, मग ती पोरगी माहेरी गेली ती गेलीच. रेखाच्या घरी गोळ्या शक्तीच्या गोळ्यांच्या बाटलीत भरून ठेवलेल्या असत. हौसाबाई कौतुकाने सांगायची, "पोरगं-सून दोगंबी टानिक घेत्यात. म्हनून तर कामाला वाघ हायत."

मुलगी झाली ती दुपारी. मी बाहेरच्या बाकावर होते, हौसाबाईच्या शेजारी. तेव्हा ती माझ्या ओळखीचीही नव्हती. मांडीवर बोळके, त्याच्या कडेला पांढरा दोरा बांधलेला. शेजारी अजून एक आजी होती, तिच्या सुनेला सकाळी मुलगा झाला होता आणि तिला अर्धी नाळ मिळालीही होती. दोघींची तोवर गट्टी जमली होती. कुणाची न्हाणी कुठल्या दिशेला आहे इथपर्यंत बोलणे आलेले.

हौसाबाईने नर्सला विचारले. नर्स आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग बाहेर येऊन म्हणाली, "मावशी, तुमची नाही देता येणार."

"का बरं? हिला दिली की."

नर्सने नजर खाली घातली. बाकावरची दुसरी आजी आधी हौसाबाईकडे, मग तिच्या हातातल्या बोळक्याकडे पाहू लागली. दोन्ही आज्यांच्या मधली बाकाची जागा थोडी वाढली. मी बातमीदार आहे, माणसे कशी सरकतात ते मला दिसते. पण का सरकली ते मला तेव्हा कळले नाही.

दार उघडून मंदा आली. तिच्या हातात निळा डबा होता. हौसाबाईने तिलाच विचारले, "डाक्टरीणबाई, समद्यांची देता, माजीच का न्हाय?"

मंदाने बाकावरच्या दोघींकडे पाहिले. मग म्हणाली, "कुणाचीच देणार नाही. आजपासून मला सगळी लागते. अर्धीनं भागत नाही."

"अवो पर सकाळी..."

"सकाळी दिली ती चूक झाली." तिने दुसऱ्या आजीकडे वळून हात पुढे केला. "ती पण द्या. मला लागते."

दुसऱ्या आजीने बोळके पदराआड ओढले. मंदा हात पुढे करून उभीच. वॉर्डातून माणसे बाहेर आली. कुणी म्हणाले, ही कसली डॉक्टर. कुणी म्हणाले, व्हिडिओ काढा. शेवटी त्या आजीने बोळके मंदाच्या हातात आपटले आणि म्हणाली, "घी. खा." मंदाने ते घेतले, डब्याशेजारी धरले आणि गाडीकडे चालू लागली. मी मागून गेले. गाडीत मी तिला म्हणाले की तुझे हे वागणे मला समजले नाही. ती म्हणाली, "समजायची गरज नाही." बारामती येईपर्यंत बोळके माझ्या पायाशी होते. त्याचे तिने पुढे काय केले, मला माहीत नाही.

*

चार-सहा दिवसांनी हौसाबाई आमच्या कार्यालयात आली. बाकावर मी पेपरवाली असल्याचे मीच तिला सांगितले होते. तोवर गोष्ट वाढली होती. डॉक्टरीण नाळा विकते. मुंबईला एका नाळेची गोरे होण्याची क्रीम करतात. कुणी म्हणे अघोरी काम आहे. "छापा," हौसाबाई म्हणाली. "नाव घालून छापा. माज्या नातीची नाळ चोरली."

संपादकांनी मला करायला सांगितले. चांगली बातमी होती. फोटो मिळाले असते, बोलणारी माणसे होती, आणि मंदाच्या वागण्याची साक्षीदार मीच होते. दुसऱ्या दिवशी मी मंदाला फोन केला. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "तुझं काम आहे. कर."

"तू काही बोलणार नाहीस?"

"नाळा मी नेल्या हे खरं आहे. परत दिल्या नाहीत हेही खरं आहे. लिही."

त्यानंतर दोन दिवसांनी रेखा आली. ओली बाळंतीण, कानाला फडके बांधलेले, बाळाला लस द्यायला म्हणून नवऱ्याबरोबर निघालेली. नवरा खाली मोटारसायकलजवळ थांबला होता. ती जिना चढून आली होती आणि तिला दम लागला होता. माझ्या टेबलाशी उभी राहून तिने विचारले, "ताई, ते छापलंय का?"

"अजून नाही."

"छापू नगा." मग ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात, माझ्याकडे न बघता, सगळे सांगितले. आजार कुणाला आहे. नर्स का थांबली. दाराआड नर्स डॉक्टरला काय म्हणाली: या बाईची देता येणार नाही, आजार असला की घरी द्यायची नाही असा नियम आहे, बाकीच्यांची द्या. "मी खाटंवर ऐकत हुते. म्हनलं, आता आत्याबाईला कळनार. आता माजं ताट येगळं. तर त्या डाक्टरीण बाई बाहेर जाऊन वरडल्या. समद्यांची घेतली. सकाळची दिल्याली बी परत घेतली." तिने कानाचे फडके सारखे केले. "माज्यापायी शिव्या खात्यात त्या. आन मी घरात बसून ऐकती. आत्याबाई म्हनत्यात चोर, मी व्हय म्हनती."

मी तिला पाणी दिले. बातमी लिहिताना दोन बाजू घ्यायच्या असतात. ती दुसरी बाजू होती, आणि ती छापता येत नव्हती. एकच बाजू छापणेही शक्य नव्हते. संपादकांना मी सांगितले की विक्रीचा पुरावा मिळत नाही. तेही खरेच होते.

बातमी आली नाही तरी जे व्हायचे ते झाले. प्रसूतिगृहात मंदाला नाळ द्यायला कुणी तयार होईना. निळा डबा दिसला की लोक दार अडवत. एचआयव्ही असलेल्या आयांच्या जेमतेम काही नाळा तिच्याकडे जमल्या होत्या, तुलनेला पुरतील इतक्या नव्हत्या. हंगाम संपायच्या आधीच ते काम थांबले. पुढे तिचा लेख आला तो बशीतल्या पेशींचा. नाळेच्या अस्तराने आईच्या पोटात काय सोसले, त्याबद्दल त्यात एक वाक्य आहे की यावर आणखी अभ्यास व्हायला हवा. तो अभ्यास नंतर दुसऱ्या देशात दुसऱ्या लोकांनी केला. मंदाने त्याची लिंक मला पाठवली होती, सोबत काही न लिहिता.

गोष्ट कन्हेरीपर्यंत गेली. तात्यांना कारखान्याच्या गेटवर कुणीतरी विचारले, पोरगी नाळा विकती म्हणं. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते गव्हाणीत वाढे टाकत होते. मला वाटले रागावले असतील. ते म्हणाले, "मेंढरं राखली तवा बघायचो. चालता चालता मेंढी व्याती. नाळ पडंल तितं पडती. कळप फुडं जातो, आमीबी फुडं." मग, "पर मंदी उगा कुनाचं वडून घ्यायची न्हाय. कायतरी आसंल."

"असेल, तात्या."

"तुला ठावं हाय."

मी खाली पडलेले वाढे उचलून गव्हाणीत टाकले. त्यांनी परत विचारले नाही.

मंदाशीही मी कधी याबद्दल बोलले नाही. तिने रेखाचे नाव मला सांगितले नव्हते, सांगणारही नव्हती. मला कळले आहे हे मी तिला सांगितले नाही. पुढच्या वर्षी हंगामात भिगवणकडे काही कामाने गेले असता मी हौसाबाईच्या घरी वळले. चहा होईपर्यंत तिने मंदाच्या सात पिढ्या काढल्या. परतताना मी मंदाला फोन केला आणि म्हणाले, "एक म्हातारी अजून तुला चोर म्हणते."

पलीकडून, "अजून म्हणते ना?"

"भरपूर."

"बरं," मंदा म्हणाली. त्या 'बरं'चा आवाज मी ओळखते. परीक्षेत शेवटचा पेपर देऊन बाहेर आल्यावर ती असेच म्हणायची. तेव्हापासून दर हंगामात मी जाते, आणि दर हंगामात फोन करते.

*

यंदा जायला पाय उचलत नव्हता. दसऱ्याच्या आसपास कळले की हौसाबाईच्या मुलाच्या छातीत दुखू लागले, बारामतीला नेले आणि हृदयाच्या नळीत जाळी बसवली. वय चाळीस नाही. मला आधी तो स्वतः दिसला नाही, डाळिंबाच्या बागेतला माणूस दिसला. दुसरा विचार रुग्णालयाचा आला. दाखल करताना रक्ताच्या तपासण्या होतात. डॉक्टर फेरीला येतात, कोणत्या गोळ्या चालू आहेत असे मोठ्याने विचारतात. खाटेच्या उशाला आई बसलेली असते. मंदाने ज्याच्यासाठी एक हंगाम आणि आपले नाव घालवले, ते एका फेरीत उघडे पडू शकते.

गेले तेव्हा हौसाबाई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. शेजारीण बसली होती, हातात सूप. मुलगा आतल्या खाटेवर पडला होता, मला पाहून उठून बसला. बरा दिसत होता. रेखाने पाणी आणले आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मुलगी शाळेत गेलेली.

मी मुलाची चौकशी केली. हौसाबाईने शेंगा फोडता फोडता सांगितले. दुखलं कधी, नेलं कसं, जाळी कशी बसवली. डॉक्टरचा विषय मी काढला नाही. तिनेही काढला नाही. इतकी वर्षे मला पाहिल्यावर तिचा पहिला शब्द तोच असायचा. मी चहा संपवला.

शेजारीण म्हणाली, "येवड्या तरन्या वयात काळजाला जाळी. तंबाखू न्हाय, दारू न्हाय. मग कशानं वो हे?"

तोच प्रश्न. याचे उत्तर मला माहीत होते, रेखाला माहीत होते, आत बसलेल्याला माहीत होते. रेखाची बोटे चौकटीवर पांढरी पडली होती.

हौसाबाईने हातातली शेंग खाली ठेवली. "मला ठावं हाय कशानं," ती म्हणाली.

शेजारीण पुढे सरकली.

"त्या डाक्टरणीनं," हौसाबाईने आवाज चढवला. "हितं घरात नाळ पुरायची ती नेली. सटवीनं नेली. घराचं मूळच हालवलं रांडंनं. तिचं हात झडू देत. ह्या बाईला इचार, ह्या पेपरवाल्या बाईला, हिच्यासमूर नेली." पुढचे छापता येण्याजोगे नाही. शेजारणीने दोन्ही गालांवर हात ठेवले, चुकचुकली, आणि तिच्या बहिणीच्या गावच्या एका नाळेची गोष्ट सांगू लागली. ती संपवून, सूप उचलून, ती घरी गेली.

फाटक लागल्याचा आवाज आला. हौसाबाई थोडा वेळ त्या दिशेने बघत बसली. मग शेंगांकडे वळली आणि मान वर न करता, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "रेखा, त्याच्या गोळ्यांची येळ झाली. दोन्ही बाटल्यांतल्या दे." आणि एक शेंग फोडून, "तू बी तुजी घी."

रेखा जागची हलली नाही.

"घी की," हौसाबाई म्हणाली. "आन ताटं कर समद्यांची. माजं बी संगंच वाढ."

*

परतताना रस्त्यात गाडी बाजूला घेऊन मी मंदाला फोन केला. समोरून ट्रॅक्टर जात होते.

"दिल्या?" तिने विचारले.

"दिल्या."

"बरं."

मी जाळीचे सांगितले. ती शास्त्रज्ञाच्या आवाजात विचारू लागली, कुठल्या नळीत, पुढची तपासणी कधी, दोन्ही गोळ्या एकत्र चालतात ना हे डॉक्टरांना विचारले का. मला माहीत होते तेवढे सांगितले. मग उरलेलेही सांगितले. शेजारणीने काय विचारले, म्हातारीने काय उत्तर दिले, आणि फाटक लागल्यावर काय म्हणाली. तिचेच शब्द, जसेच्या तसे. इतक्या वर्षांत त्या घराबद्दल आम्ही पहिल्यांदाच उघड बोलत होतो.

तिच्या प्रयोगशाळेतले कुठलेसे यंत्र मागे चालू होते.

"तिला कळलंय तर," मंदा म्हणाली. "मग मला शिव्या कशाला देते?"

"शेजारीण बसली होती."

पलीकडे ते यंत्र बंद झाले.

"मग देऊ दे," ती म्हणाली.